पेट्रोल कुठे मुरतं? कारचा इंधनखर्च कमी करण्याची पद्धत

‘ॲव्हरेज पडलंय’ म्हणून गाडी गॅरेजला नेली की मेकॅनिकचा पहिला प्रश्न असतो, आधी किती देत होती आणि आता किती देते? बहुतेकांकडे याला उत्तर नसतं. ‘हजाराचं टाकलं की आठवडा जायचा, आता पाच दिवसांत संपतं’ एवढाच हिशोब असतो. त्यावरून ना बिघाड सापडतो, ना केलेल्या उपायाचा फायदा कळतो. म्हणून टायर, फिल्टर, इंजेक्टर सगळं नंतर. आधी वही काढा.

पुढच्या सगळ्या हिशोबासाठी एक साधी पेट्रोल हॅचबॅक धरू. वर्षाला १२,००० किलोमीटर, लिटरला १५ किलोमीटर, पेट्रोल १०४ रुपये. म्हणजे वर्षाला ८०० लिटर, ८३,२०० रुपये, किलोमीटरमागे ६ रुपये ९३ पैसे. आपले आकडे वेगळे असतील तर तेवढे बदलून घ्या. मात्र हिशोब नेहमी किलोमीटरमागे रुपयांतच करा. ॲव्हरेज १५ वरून १७ वर गेलं की वर्षाला ९४ लिटर, म्हणजे पावणेदहा हजार रुपये वाचतात. कुठला उपाय करण्यासारखा आहे आणि कुठल्याला हात लावायचं कारण नाही, हे या एका आकड्यावरून ठरतं.

खरं ॲव्हरेज काढणं

एक पंप आणि त्यावरचं एक नोझल ठरवा. टाकी भरायला सांगा आणि नोझल पहिल्यांदा आपोआप ‘कट’ झालं की तिथेच थांबवा. ट्रिप मीटर शून्यावर आणा. किमान तीनशे किलोमीटर, शक्य तर टाकी पाव राहीपर्यंत गाडी नेहमीसारखी चालवा. मग त्याच पंपावर, त्याच नोझलवर, गाडी त्याच बाजूने लावून पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. समजा ट्रिपवर ४१२ किलोमीटर झाले आणि २७.६ लिटर बसलं, तर ॲव्हरेज १४.९.

पहिल्या कटवरच का थांबायचं? कटनंतर ‘राउंड फिगर करू का साहेब’ म्हणत आणखी अर्धा-एक लिटर जातं. २७ लिटरांत एक लिटर इकडेतिकडे झालं की साडेतीन टक्क्यांची चूक झाली, आणि आपण शोधतोय ती बचत अनेकदा तेवढीच असते. दुसरं कारण खर्चाचं आहे. टाकीतल्या वाफा शोषणारा कोळशाचा कॅनिस्टर असतो. गळ्यापर्यंत भरलं की त्यात पातळ पेट्रोल शिरतं आणि तो बाद होतो.

असं सलग तीन वेळा करा. गाडीच्या स्क्रीनवरचं ॲव्हरेजही दर वेळी लिहून ठेवा, ते बहुधा जास्तच दिसेल. स्क्रीन १६.१ म्हणते आणि टाकीच्या हिशोबाने १४.९ येतं, म्हणजे स्क्रीन आठ टक्के फुगवते. हा फरक एकदा कळला की रोजच्या तुलनेला स्क्रीन चालते. टायर मूळ मापापेक्षा मोठे बसवले असतील तर किलोमीटरच कमी मोजले जातात आणि ॲव्हरेज उगाच पडल्यासारखं वाटतं. हायवेवर वीस किलोमीटर मोबाइलच्या जीपीएसशी ताडून पाहा.

कंपनीच्या जाहिरातीतल्या आकड्याशी तुलना मात्र करू नका. तो प्रयोगशाळेत, रोलरवर, एसी बंद ठेवून काढलेला असतो. शहरात त्याच्या ६० ते ७० टक्के मिळत असेल तर गाडीत काही बिघाड नाही.

यापुढे एका वेळी एकच गोष्ट बदलायची. टायरमधली हवा, ऑइल आणि चालवण्याची सवय एकाच आठवड्यात बदललीत, तर फायदा कशाचा झाला ते कधीच कळणार नाही.

सिग्नल, गिअर आणि घाट

सर्वांत जास्त पैसे इथे आहेत, आणि त्यासाठी काही विकत आणावं लागत नाही.

लहान पेट्रोल इंजिन उभ्या उभ्या तासाला ०.६ ते ०.८ लिटर पितं, एसी चालू असेल तर एक लिटरच्या आसपास. ऑफिसला जाता-येता दहा सिग्नल आणि प्रत्येकी एक मिनिट धरलं, तर एसीशिवायही दिवसाला १२ रुपये, वर्षाच्या ३०० दिवसांत ३,६०० रुपये होतात. बंद करून पुन्हा सुरू करायला लागणारं पेट्रोल दहा सेकंद उभं राहण्यापेक्षा कमी असतं. सिग्नलच्या उलट्या मोजणीत तीसपेक्षा जास्त सेकंद दिसले की इंजिन बंद करा. बॅटरी थकलेली असेल तर आधी ती बदला. दर दोन मीटरला सरकणाऱ्या जाममध्ये मात्र हा उद्योग करू नये, तिथे स्टार्टरचेच हाल होतात.

सकाळी पाच मिनिटं गाडी गरम करत ठेवायची सवय कार्ब्युरेटरच्या काळातली. आता सुरू केल्यावर २०-३० सेकंद पुरतात. पुढचे दोनेक किलोमीटर हळू चालवा, उभ्या गाडीपेक्षा चालत्या गाडीचं इंजिन लवकर तापतं. थंड इंजिनावरचे पहिले दोन किलोमीटर सगळ्यांत महाग पडतात. दूध, बँक आणि मुलांचा क्लास या तीन वेगळ्या फेऱ्यांची एक फेरी केली की फरक वहीत दिसतो.

गिअर पेट्रोल गाडीत २,००० ते २,५०० आरपीएमला आणि डिझेलमध्ये १,५०० ते २,००० ला वर टाका. ढोबळमानाने तिसरा ३०-३५ च्या वेगाला, चौथा ४५ ला, पाचवा ५५-६० ला. वरचा गिअर लवकर टाकायचा म्हणून ३५ ला पाचवा टाकलात तर गाडी थरथरेल आणि तुम्ही जास्त ॲक्सिलरेटर दाबाल. त्यात पेट्रोल वाचत नाही आणि इंजिनला मार बसतो.

आता उताराचं. न्यूट्रल टाकून घाट उतरला की पेट्रोल वाचतं, हा समज पक्का बसलेला आहे. इंजेक्शनच्या, म्हणजे कार्ब्युरेटर नसलेल्या आजच्या गाडीत ते उलट आहे. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की चाकंच इंजिन फिरवतात आणि इंजेक्टर पूर्ण बंद होतात. स्क्रीनवर त्या क्षणाचं ॲव्हरेज लावून पाहा, आकडा एकदम वर टोकाला जातो. न्यूट्रल टाकलं की इंजिनला स्वतः चालत राहायला पेट्रोल लागतं. वर सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. इंजिनच बंद केलं तर दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा कडक होतो आणि स्टिअरिंगही जड होतं. आंबा, वरंध, कसारा, कुठलाही घाट असो, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा.

हेच तत्त्व सपाट रस्त्यावरही लागू आहे. दोनशे मीटरवर लाल दिवा दिसतोय, तर आत्ताच पाय काढा आणि गाडी गिअरमध्येच वाहू द्या. शेवटपर्यंत रेस देऊन जोरात ब्रेक मारणं म्हणजे विकत घेतलेलं पेट्रोल ब्रेक पॅडवर जाळणं. शहरात लिटरला एक-दीड किलोमीटरचा फरक फक्त एवढ्याने पडतो.

हायवेवरचा वेग

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ९० च्या जागी १२० ने गेलात तर तो पावणेदोन पट होतो. समृद्धी महामार्गावर कारला १२० ची मर्यादा आहे आणि रस्ता ७०१ किलोमीटरचा. लहान हॅचबॅक १२० ला लिटरला साडेचौदा आणि ९५ ला साडेअठरा देते असं धरा. पहिल्या वेगाने ४८ लिटर लागेल, दुसऱ्याने ३८. फरक दहा लिटरचा, हजारभर रुपयांचा, आणि वेळ जातो दीड तास जास्त. तो दीड तास हजार रुपयांचा आहे का, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण ३५-३७ लिटरच्या टाकीत ९५ ने निघालेली गाडी जवळपास पूर्ण रस्ता काढते आणि १२० ने निघालेलीला मध्ये पंप शोधावा लागतो, हेही हिशोबात घ्या.

गावाला जाताना लावलेला टपावरचा कॅरिअर परत आल्यावर काढून ठेवा. रिकामा असला तरी तो हायवेवर हवा अडवतोच. डिकीतलं वजन तितकं महत्त्वाचं नाही, ५० किलोला साधारण एक टक्का. स्टेपनी आणि जॅक काढून वजन वाचवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

एसी

शहरातल्या हळू रहदारीत एसी पाच ते दहा टक्के खातो. सत्तरच्या पुढे काचा उघड्या ठेवण्यापेक्षा एसीच परवडतो. उन्हात तापलेल्या गाडीत बसलात तर आधी मिनिटभर चारही काचा खाली करून गाडी चालवा, कोंडलेली हवा जाऊ द्या, मग काचा लावून एसी सुरू करा आणि आतलीच हवा फिरवणारं बटण दाबा.

एक बारकावा बऱ्याच जणांना माहीत नसतो. साध्या, हाताने फिरवायच्या एसीत थंडी जास्त झाली म्हणून तापमानाचा नॉब लाल बाजूला फिरवला, तर थंड हवेत हीटरची गरम हवा मिसळली जाते. कंप्रेसरचं काम जवळपास तेवढंच राहतं. त्यापेक्षा नॉब निळ्याच बाजूला ठेवून ब्लोअर एकावर आणा. ऑटोमॅटिक एसीला हे लागू नाही, तिथे सरळ २४-२५ लावा.

टायर

किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकरवर असतं. दोन आकडे असतील तर एक कमी माणसांसाठी, एक गाडी भरलेली असताना. पंक्चरवाल्याचं ‘सगळ्या गाड्यांना ३५’ मानू नका. हवा थंड टायरमध्ये मोजायची, म्हणजे गाडी तीन तास उभी असताना किंवा दोन किलोमीटरपेक्षा कमी चालल्यावर. तापलेल्या टायरमध्ये प्रेशर तीन-चार पीएसआयने जास्त दिसतं. तेव्हा स्टिकरच्या आकड्याइतकं करून घेतलं की सकाळी टायर कमी हवेवर असतो. पंपावरचे गेज एकमेकांशी जुळतीलच असं नाही, म्हणून चारपाचशे रुपयांचं स्वतःचं गेज घ्या आणि दर पंधरा दिवसांनी मोजा, स्टेपनीसकट.

चारही टायरमध्ये सहा पीएसआय कमी असेल तर पेट्रोलचा तोटा सव्वा टक्का, म्हणजे वर्षाला हजार रुपये. हा आकडा ऐकीव दाव्यांपेक्षा लहान आहे. खरं नुकसान टायर कडेने लवकर झिजण्यात आणि तापून फुटण्यात आहे. नायट्रोजन फुकट मिळाला तर घ्या, साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो.

गाडी ओढत असेल तर

सगळं नीट करूनही ॲव्हरेज दहा-पंधरा टक्के कमी येत असेल तर बिघाड शोधा. पहिला संशय चिकटलेल्या ब्रेकवर.

पंधरा किलोमीटर शक्य तितके कमी ब्रेक मारत चालवा आणि थांबा. प्रत्येक चाकाच्या रिमजवळ हाताची मागची बाजू न्या, पण टेकवू नका. तीन चाकं कोमट आणि एक सणसणीत गरम लागलं की सापडलं. खात्री करायची तर सपाट जागी बाकीच्या चाकांना दगड लावा, गाडी न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक सोडा आणि ते चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा. जॅकवरच्या गाडीखाली हातपाय घालू नका. पुढचं चाक गिअरबॉक्समुळे थोडं जड फिरतं, म्हणून दुसऱ्या बाजूच्या पुढच्याच चाकाशी तुलना करा. पॅडचा हलका खरखर आवाज चालतो. ढकलल्याबरोबर चाक जागच्या जागी थांबलं तर ब्रेक धरून बसला आहे.

कारण बहुधा कॅलिपरच्या (चाकाच्या चकतीवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिना असतात. रबरी टोपी फाटते, पावसाळ्याचं पाणी आणि चिखल आत जातो, ग्रीस वाळतं, पिन गंजते. कोकणात खाऱ्या हवेमुळे हे लवकर होतं. पिना काढून साफ करणं आणि ब्रेकसाठीचंच ग्रीस लावणं हे तासाभराचं काम आहे. बेअरिंगचं साधं ग्रीस लावू दिलंत तर रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. मागच्या चाकात हँडब्रेकची केबल गंजून परत येत नाही. पावसात गाडी आठवडाभर उभी ठेवायची असेल तर सपाट जागी हँडब्रेक न ओढता पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना दगड लावा.

दुसरा संशय थर्मोस्टॅटवर, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेवर. तापमानाचा काटा पाच-आठ किलोमीटरांत मधोमध यायला हवा. तो खालीच रेंगाळत असेल किंवा थंडीच्या रात्री हायवेवर पुन्हा खाली येत असेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. काही गॅरेजवाले ‘गाडी तापणार नाही’ म्हणून तो काढूनच टाकतात. मग इंजिन कायम थंड राहतं आणि कॉम्प्युटर थंड इंजिनाला देतात तसं जास्त पेट्रोल देत राहतो. तो परत बसवून घ्या. गाडी तापते त्याचं कारण रेडिएटर, पंखा किंवा वॉटर पंप यांत शोधा.

हजारभर रुपयांत मोबाइलला जोडायचा ओबीडी स्कॅनर मिळतो, तो गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवतो. गरम इंजिनावर कूलंटचं तापमान साधारण ८० ते ९५ दिसायला हवं आणि ‘लाँग टर्म फ्युएल ट्रिम’ (कॉम्प्युटरला ठरल्या मापापेक्षा पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करावं लागतंय तो आकडा) उणे १० ते अधिक १० च्या आत. उणे १५ च्या पलीकडे गेलं तर पेट्रोल जास्त जातंय, म्हणजे गळका इंजेक्टर किंवा सेन्सर. अधिक १५ च्या पुढे गेलं तर कुठून तरी जास्तीची हवा शिरतेय किंवा पेट्रोलचा दाब कमी पडतोय. हे आकडे घेऊन मेकॅनिककडे गेलात की ‘ट्यूनिंग करून बघू’ हे उत्तर मिळत नाही.

एअर फिल्टरला ॲव्हरेजचं श्रेय उगाच दिलं जातं. इंजेक्शनच्या गाडीत जेवढी हवा येते तेवढंच पेट्रोल सोडलं जातं, त्यामुळे तुंबलेल्या फिल्टरने आधी पिकअप जातो. तो वेळेवर बदला, पण त्यातून दोन किलोमीटर वाढतील ही आशा नको. ऑइलची ग्रेड मात्र जरूर पाहा. मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० असेल आणि गॅरेजने ड्रममधलं २०डब्ल्यू-५० ओतलं, तर जाड ऑइल ढवळण्यातच ताकद जाते.

पंपावर

आता बहुतेक ठिकाणी ई-२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच असते, त्यामुळे थोडा तोटा अटळ आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या, ई-२० साठी न बनवलेल्या चारचाकींत सहा-सात टक्के घट धरलेली आहे. २०२३ आधीच्या गाडीचं ॲव्हरेज तेवढंच पडलं असेल तर इंजेक्टर साफ करून घेण्यात पैसे घालू नका. प्रीमियम पेट्रोलमध्ये ऑक्टेन (इंजिनात ठोका न बसता जळण्याची क्षमता) जास्त असतो, ऊर्जा नाही. मॅन्युअलमध्ये जास्त ऑक्टेन सांगितला नसेल तर ते घेऊ नका.

माप कमी वाटलं तर पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप मागा. ते दाखवणं पंपाला बंधनकारक आहे आणि पाच लिटरला २५ मिलीलिटरपर्यंतचीच तूट चालते. फिल्टर पेपर आणि घनतेची चाचणीही मागता येते, तीही फुकट. टाकी ३७ लिटरची आणि बसलं ४० लिटर, एवढ्यावरून मात्र भांडू नका. कंपनीच्या आकड्यात गळा आणि वरची मोकळी जागा धरलेली नसते. सकाळी भरलं तर जास्त येतं, ५०० ऐवजी ५१० चं घ्यावं, ही दोन्ही गृहीतकं सोडून द्या. पेट्रोल जमिनीखालच्या टाकीत असतं, तिथे सकाळ-दुपारचा फारसा फरक पडत नाही.

गोव्यात पेट्रोल साधारण सात रुपयांनी स्वस्त पडतं, म्हणून सिंधुदुर्गातून खास पत्रादेवीपर्यंत जाणारे आहेत. ३५ लिटरवर २४५ रुपये वाचतात. जाऊन-येऊन ४० किलोमीटर झाले तर पेट्रोलच २७७ रुपयांचं जळतं. वाटेतच असेल तर जरूर भरा.

टाकीत टाकायच्या गोळ्या, पाइपला बांधायचं लोहचुंबक, सिगारेट लायटरच्या जागी खोचायचा ‘फ्युएल सेव्हर’, यांत एक रुपयाही घालू नका.

सीएनजी परवडतो का

कंपनीची सीएनजी गाडी पेट्रोलपेक्षा ऐंशी-नव्वद हजारांनी महाग असते. नव्वद धरा. किलोला ८० रुपये आणि २२ किलोमीटर म्हणजे किलोमीटरमागे ३ रुपये ६४ पैसे, पेट्रोलपेक्षा ३ रुपये २९ पैसे कमी. नव्वद हजार वसूल व्हायला साडेसत्तावीस हजार किलोमीटर लागतात. वर्षाला बारा हजार चालवणाऱ्याला सव्वादोन वर्षं, पाच हजारवाल्याला साडेपाच. पाच हजारवाल्याने डिकी सिलिंडरला देऊन रांगेत उभं राहू नये. जुनी सीएनजी गाडी घेत असाल तर सिलिंडरची पाटी आधी वाचा. दर तीन वर्षांनी दाबाची चाचणी लागते आणि ती संपलेली असेल तर पंपावर गॅस नाकारतात.